लक्ष्मीचे तबक आणि रोमची चांदी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या परभणीच्या घरात पाटावर एक पितळी तबक मांडले जाई. शेजारी हळदकुंकू लावलेली नवी केरसुणी, लाह्या-बत्ताशांची वाटी, झेंडूची फुले आणि तबकात चांदीची नाणी. आजी ती नाणी वर्षभर कपाटातल्या डब्यात कापडी पुरचुंडी करून ठेवी आणि त्या दिवशी चिंचेने घासून लखलखीत करी. त्यांत एक राणीछाप कलदार रुपया होता. बाकीचे बहुतेक हाली सिक्क्याचे, म्हणजे निजामाच्या राज्यातले. एका बाजूला चारमिनार आणि त्याच्या कमानीत उस्मान अलीच्या नावाचे पहिले अक्षर, ‘ऐन’. लक्ष्मीची मूर्ती असलेले सराफाकडचे गुळगुळीत नाणे तबकात आले ते पुष्कळ नंतर.

ज्या नाण्यांवर लक्ष्मी नाही त्यांची पूजा लक्ष्मी म्हणून कशी करायची, असा प्रश्न मी लहानपणी विचारला होता. आजीने हात न थांबवता सांगितले, “छाप राजाचा असतो रे, चांदी लक्ष्मीची.”

पुढे आत्याच्या लग्नात ते हाली रुपये सराफाच्या मुशीत गेले आणि त्यांचे पैंजण झाले. मागे राहिला तो एकच रुपया, पुरचुंडीच्या घडीत अडकलेला. गेली काही वर्षे सातवाहनकाळातल्या व्यापाराविषयी वाचताना या रुपयाची आठवण मला सारखी येत राहिली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी याच गोदावरीच्या मुलखात रोमची चांदी येत होती. तिच्यावरही छाप होते, देवता होत्या, देवपण मिरवणारे राजेही होते. ती चांदी गेली कुठे आणि तिच्यावरच्या देवतांचे काय झाले, हा या लेखाचा विषय.

भडोचहून वीस दिवस

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. लेखकाचे नाव कोणालाच ठाऊक नाही, पण माणूस व्यवहारी होता. कोणत्या बंदरात काय विकले जाते, काय स्वस्त मिळते, राजाला कोणती भेट लागते, एवढेच तो सांगतो.

बॅरिगाझा, म्हणजे भडोच, या बंदराविषयी त्याने दोन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. पहिली अशी, की तेथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून गोमेदासारखे खडे येतात आणि तगरहून नाना तऱ्हेचे कापड. हा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला पोचतो. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, अशी ओळख फ्लीट यांनी १९०१ मध्ये पटवून दिली. त्याआधी देवगिरीपासून जुन्नरपर्यंत अनेक गावांवर तगराचा शिक्का मारून झाला होता. दुसरी गोष्ट अशी, की भडोचला आणायच्या मालात सोन्याचांदीचे रोमन ‘दिनार’ आहेत, कारण स्थानिक नाण्यांशी त्यांचा बदला केला की नफा होतो.

पैठणहून खाली निघालेली गोदावरी आपल्या परभणी जिल्ह्यात शिरते आणि जनाबाईच्या गंगाखेडवरून नांदेडकडे जाते. तेरची गाडीवाट या नदीच्या दक्षिणेने. म्हणजे पेरिप्लसकाराने सांगितलेला मुलूख आपल्या अंगणातलाच आहे. असे असताना रोमन चांदीचे मोठे साठे मात्र गोदाकाठी सापडत नाहीत. ते सापडतात कृष्णेच्या खोऱ्यात आणि तमिळनाडूत कोइमतूरच्या परिसरात. एकेकाळी आपल्यासारख्याच हैदराबाद संस्थानात असलेल्या नलगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्ली या गावी एका साठ्यात दीड हजाराहून अधिक रोमन चांदीची नाणी निघाली. वाट आमच्या दारातून आणि साठा शेजाऱ्याच्या परसात, हे कसे?

उत्तराआधी ती नाणी नीट पाहून घेऊ.

देवळातली टांकसाळ

रोमचे मुख्य चांदीचे नाणे, ‘डिनारियस’, इसवी सनापूर्वी २११ च्या सुमारास सुरू झाले. रोमची टांकसाळ होती कॅपिटोल टेकडीवर, जूनो मोनेटा या देवीच्या मंदिराला लागून. या ‘मोनेटा’वरूनच इंग्रजीत पैशाला ‘मनी’ आणि टांकसाळीला ‘मिंट’ हे शब्द आले. इसवी सनापूर्वी ४६ मधल्या एका नाण्यावर या देवीचा मुखवटा आहे आणि मागे ऐरण, सांडशी, हातोडा अशी टांकसाळीची हत्यारे. आपल्याकडे दसऱ्याला सोनार आपली हत्यारे देवापुढे मांडतो, त्याची आठवण व्हावी असे ते चित्र आहे.

सुरुवातीच्या डिनारियसवर पुढच्या बाजूस पंखांचे शिरस्त्राण घातलेली रोमा, म्हणजे नगरदेवता, आणि मागे भाले रोखून दौडणारे दोन घोडेस्वार असत. हे कॅस्टर आणि पोलक्स, जुळे देव. रेजिलस तळ्याच्या लढाईत ते अचानक प्रकट झाले आणि रोमनांना विजय मिळवून देऊन, घोड्यांना पाणी पाजून दिसेनासे झाले, अशी कथा आहे. संकटात धावून येणारी, बुडत्या खलाशांना तारणारी ही जोडी आपल्या अश्विनीकुमारांच्या इतकी जवळची आहे, की दोहोंचे मूळ एकाच प्राचीन परंपरेत शोधले जाते.

पुढच्या दीडशे वर्षांत देवांची गर्दी वाढत गेली. दोन घोड्यांच्या रथातली चंद्रदेवी लूना, चार घोड्यांच्या रथातला वज्रधारी ज्युपिटर, पंखवाली विजयादेवी, धान्याची देवी सेरेस, समुद्रदेव नेपच्यून अशी सगळी मंडळी नाण्यांवर उतरली. टांकसाळीचे काम पाहणारे तरुण अधिकारी दरवर्षी बदलत आणि आपापल्या घराण्याच्या कुलदैवताला किंवा पूर्वजाच्या पराक्रमाला नाण्यावर जागा देत. तो भक्तिभाव होता आणि निवडणुकीचा प्रचारही. ज्यूलियस सीझरने व्हीनसचा मुखवटा छापला आणि मागे म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन जळत्या ट्रॉयमधून निघालेला ईनिअस दाखवला. ईनिअस हा व्हीनसचा मुलगा आणि आपण त्याच्या वंशातले, हे त्याला सांगायचे होते.

इसवी सनापूर्वी ४४ मध्ये सीझरने देवतेच्या जागी स्वतःचा चेहरा छापला. जिवंत माणसाची मुद्रा रोमच्या नाण्यावर येण्याची ती पहिली वेळ मानली जाते. त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा खून झाला, पण मोडलेला दंडक मोडलेलाच राहिला. त्याचा दत्तक मुलगा ऑगस्टस याने सीझरला देव ठरवले आणि स्वतःस ‘देवपुत्र’ म्हणवून घेतले.

आपल्याकडे आलेली निनावी देवी

मोसमी वाऱ्यांवरचा व्यापार भरास आला तो याच काळात, ऑगस्टस आणि त्याच्यानंतरच्या टायबेरियसच्या कारकिर्दीत. त्यामुळे भारतातल्या साठ्यांत त्या देवांच्या गर्दीऐवजी मुख्यतः दोनच छाप पुन्हा पुन्हा भेटतात.

पहिला ऑगस्टसचा. पुढे त्याचा चेहरा, मागे गायस आणि लूशस हे दोन नातू. ढालींवर हात टेकून ते उभे आहेत, मागे भाले आणि वर पुरोहितांची दोन उपकरणे: यज्ञातली पळी आणि शकुन पाहणाऱ्याची वाकडी काठी. एकेकाळी जेथे कॅस्टर-पोलक्स होते, त्या जागी आता राजघराण्यातली जोडी आली. दोघेही राज्यावर बसण्याआधीच वारले, पण त्यांची नाणी मात्र दक्षिण भारतात पोचली.

दुसरा छाप टायबेरियसचा. एका बाजूस ‘देव ऑगस्टसचा पुत्र’ अशा बिरुदासह सम्राटाचे मस्तक. दुसऱ्या बाजूस आसनावर बसलेली एक स्त्री, एका हातात उंच राजदंड आणि दुसऱ्या हातात फांदी. तिच्याभोवतीची अक्षरे तिचे नाव सांगत नाहीत; ती सम्राटाचीच ‘महापुरोहित’ ही पदवी आहे. काही अभ्यासक तिला शांतिदेवता पॅक्स म्हणतात, काही टायबेरियसची आई लिव्हिया मानतात, आणि बरेच जण म्हणतात की शांतिदेवतेच्या रूपातली लिव्हियाच ती. बायबलमध्ये ‘सीझरचे सीझरला द्या’ हा जो प्रसंग आहे, त्यात येशूने मागून घेतलेले नाणे याच छापाचे असावे, असा प्रवाद आहे.

डाव्या हातात फांदी घेऊन आसनावर बसलेली ही बाई पैठणच्या किंवा तेरच्या बाजारात कोणी हातात धरली असेल, तेव्हा त्याला ती कोण वाटली असेल? याचे थेट उत्तर देणारा लेख कोठे कोरलेला नाही. पण या लोकांनी नाण्यात काय पाहिले, याची एक साक्ष रोमन लेखक प्लिनी देतो. रोमन करवसुली करणाऱ्या एका मक्तेदाराचा माणूस वादळात भरकटून सिंहलद्वीपाला लागला. तेथल्या राजाने त्याच्याजवळची नाणी तपासली आणि तो थक्क झाला. चेहरे निरनिराळे, म्हणजे राजे निरनिराळे, पण वजन सगळ्यांचे सारखे! या प्रामाणिकपणावर खूश होऊन त्याने रोमला वकील पाठवले, असे प्लिनी सांगतो. गोष्टीत मीठमसाला असेल. तरी परक्या नाण्यावरच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या वजनाकडे पाहण्याची नजर तिच्यात स्वच्छ दिसते.

याच प्लिनीची तक्रार प्रसिद्ध आहे, की भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. चार सेस्टर्स म्हणजे एक डिनारियस. या आकड्याची किंमत चांदीत मांडली तर सव्वा कोटी डिनारियस, म्हणजे ४७ टनांच्या आसपास चांदी होते. आकडा नीतीचा पाठ द्यायला फुगवलेला असू शकतो. पण नीरोने इसवी सन ६४ मध्ये नाण्याचे वजन आणि कस दोन्ही उतरवल्यावर भारतातल्या साठ्यांत नवी चांदी जवळजवळ दिसत नाही, ही गोष्ट अशा कोणत्याही तक्रारीपेक्षा बोलकी आहे. आपले व्यापारी जुने, चोख नाणे ओळखून घेत होते.

मुशीतला हिशोब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भडोचला उतरलेली चांदी गेली कोठे?

नाशिकच्या लेण्यांत नहपान या क्षहरात क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवी आणि त्यांचे व्याज यांच्याबरोबर एक बहुमोल वाक्य येते: सत्तर हजार कार्षापणांचे दोन हजार सुवर्ण, एका सुवर्णास पस्तीस कार्षापण या दराने. हा दोन हजार वर्षांपूर्वीचा बाजारभावच आहे.

तो रोमच्या दराशी ताडून पाहू. रोममध्ये ‘ऑरियस’ या सोन्याच्या नाण्यास २५ डिनारियस पडत. ऑरियस सुमारे ७.८ ग्रॅम, डिनारियस सुमारे ३.८ ग्रॅम, म्हणजे ९५ ग्रॅम चांदीला ७.८ ग्रॅम सोने, बारास एक असे प्रमाण. इकडे नहपानाचे चांदीचे नाणे सुमारे २.१ ग्रॅमचे. लेखातला कार्षापण म्हणजे हेच नाणे आणि सुवर्ण म्हणजे ऑरियसच्या वजनाचे नाणे असे धरले, तर ७३ ग्रॅमच्या आसपास चांदीत तेवढेच सोने मिळत होते. प्रमाण साडेनऊच्या आतबाहेर. सुवर्णाचे वजन नेमके किती धरावे यावर विद्वानांत वाद आहे, पण ते याहून जड धरले तर चांदी इकडे आणखीच महाग ठरते. म्हणजे चांदी भारतात आणण्यात फायदा होता. पेरिप्लसकार ‘नफा होतो’ एवढेच म्हणून थांबतो. त्यामागची बेरीज नाशिकच्या भिंतीवर कोरलेली आहे.

हा नफा कसा होत असेल हे मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना समजावून सांगायला नको. शंभर कलदार म्हणजे ११६ रुपये आणि वर काही आणे हाली, हे गणित त्यांनी पाटीवर केले होते. सरहद्द ओलांडली की रुपयाची किंमत बदलते, हे त्यांना ठाऊक होते.

नहपानाच्या राज्यात स्वतःचे चांदीचे नाणे चालत होते, आणि पश्चिम भारतात चांदीच्या खाणी जेमतेमच. म्हणून बहुतेक अभ्यासकांचे अनुमान असे, की भडोचला उतरलेले डिनारियस वितळवले गेले आणि त्यांतून क्षत्रपांची नाणी पडली. दक्षिणेत चांदीचे असे भक्कम स्थानिक चलन नव्हते, त्यामुळे तेथे रोमन नाणी जशीच्या तशी गाडग्यांत पुरून राहिली. शेजाऱ्याच्या परसात साठा सापडतो तो या कारणाने. आमच्याकडे चांदी कमी आली असे नव्हे. ती आली आणि कामाला लागली.

नहपानाच्या नाण्यावर एका बाजूस राजाचे मस्तक असते. ही कल्पना रोमन नाण्यांवरून उचलली असावी, असे मत आहे. त्याभोवती ग्रीक अक्षरे, पण भाषा प्राकृत. मागे बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपीत राजाचे नाव. ग्रीकांच्या झ्यूसचे, रोमनांच्या ज्युपिटरचे आणि आपल्या इंद्राचेही शस्त्र असलेले ते वज्र तेवढे राहिले. देव मात्र नाण्यावरून उतरले.

पुढची पायरी गोदावरीच्याच खोऱ्यात सापडली. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे सव्वातेरा हजारांच्या घरात चांदीची नाणी मिळाली, सगळी नहपानाच्या छापाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का मारलेला होता: एका बाजूस कमानींचा डोंगर, ज्याला चैत्य म्हणतात, आणि दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह. नाशिकच्या लेखात त्याची आई बलश्री त्याला क्षहरातांचा वंश निःशेष करणारा म्हणते. पण नाण्यांवर तो निःशेष झालेला नाही. गौतमीपुत्राच्या डोंगराखालून नहपानाचे नाक आणि ग्रीक अक्षरांचे तुकडे अजून डोकावतात. आणि अभ्यासकांचे अनुमान खरे असेल, तर त्याच्याही खाली, जेथे कोणताच डोळा पोचणार नाही अशा ठिकाणी, फांदी घेतलेली ती निनावी बाई आहे.

मातीचा सम्राट, काशाचा समुद्रदेव

तरी रोमन छाप मराठवाड्यात अगदीच राहिला नाही असे नाही. तेरच्या पांढरीत आणि दख्खनमधल्या इतर काही स्थळी रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेल्या भाजक्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत. काहींना ओवण्यासाठी भोक किंवा कडी असते. चांदी मुशीत गेली, पण तिचा ठसा आवडला म्हणून कुंभाराने तो मातीत उठवला आणि कोणा लेकीबाळीने गळ्यात घातला. नाणे गळ्यात घालण्याची ही हौस आपल्याकडे पुतळ्यांच्या माळेपर्यंत चालत आली आहे. त्या माळेवरच्या ‘पुतळ्या’ मुळात व्हेनिसच्या नाण्यांवरून आल्या असे म्हणतात. तेथेही परक्या संताची मूर्ती मराठी गळ्यात आली आणि कोणाला ती परकी वाटली नाही.

कोल्हापूरला ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात काशाची एक छोटी मूर्ती निघाली: पाय उंचावर टेकवून उभा असलेला ग्रीक समुद्रदेव पोसायडन, म्हणजेच रोमनांचा नेपच्यून. ती तेथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. सेक्स्टस पाँपीच्या चांदीच्या नाण्यावर नेपच्यून असाच जहाजाच्या नाळेवर पाय ठेवून उभा असतो. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी, हा देव कोणी जपला असेल?

उलट दिशेनेही एक बाई गेली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपी शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तिचे सांगाती शोधायचे तर आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले भोकरदन आणि तेर ही दोनच नावे पहिल्याने घ्यावी लागतात. दोन्ही ठिकाणी तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्या आहेत. इटलीत तिला बराच काळ ‘लक्ष्मी’ म्हटले गेले; आता ती यक्षी असावी असे मानतात. आम्ही त्यांच्या देवीला ओळखले नाही, त्यांनी आमच्या यक्षीला लक्ष्मी केले. हिशोब फिटला म्हणायचा.

देवांचे परतणे

क्षत्रपांचे हे छोटे चांदीचे नाणे पुढे चारशे वर्षे चालले. ग्रीक अक्षरे कोणाला वाचता येईनात, तेव्हा ती नुसत्या रेघोट्या होऊन राजाच्या डोक्याभोवती उरली. दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचे राज्य घेतले आणि नाणेही तसेच ठेवले. मागे मात्र गरुड बसवला. सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजाने त्याच घाटाच्या नाण्यावर नंदी आणला. नाशिक-कोकणच्या बाजूला ही नाणी त्याच्यानंतरही दीर्घकाळ चालत होती. पुढे राजाचा चेहरा, मागे देवाचे वाहन. नाण्यावरून उतरलेली देवता अशी फिरून चढली, पण आता ती इथली होती.

शब्द मात्र परदेशीच राहिले. ‘डिनारियस’चा संस्कृतात ‘दीनार’ झाला, अमरकोशात जाऊन बसला. ग्रीक ‘द्रख्मे’चा ‘द्रम्म’ झाला, यादवांच्या शिलालेखांत तो जागोजागी भेटतो. आणि द्रम्माचा झाला आपला ‘दाम’. भाजीवाल्याशी दामावरून घासाघीस करताना आपण एका ग्रीक नाण्याचे नाव घेत असतो.

एक उरलेला रुपया

या सगळ्या कथेतला जवळजवळ प्रत्येक दुवा कोणाच्या तरी निष्काळजीपणातून किंवा नशिबाने वाचलेला आहे. जोगलटेंभीचे नाणे मुशीत गेले असते, तर गौतमीपुत्राने नहपानाला हरवले याची एवढी ठसठशीत साक्ष उरली नसती. अक्कनपल्लीचे गाडगे फोडून चांदी वाटून घेतली असती, तर ती चांदी कोणत्या काळात पुरली गेली हे समजले नसते.

नाणे वितळले की चांदीचे मोल उरते आणि बाकी सगळे जाते. वितळले नाही पण साठ्यातून सुटे होऊन विकले गेले, तरी निम्मे जातेच. कोणत्या शेतात, कोणत्या भांड्यात, कोणत्या सोबत्यांबरोबर ते होते, हे त्याच्या छापाइतकेच महत्त्वाचे असते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते, आणि सरकारने ते घेतले तर धातूच्या किमतीवर एक-पंचमांश अधिक रक्कम देण्याची त्यात तरतूद आहे. पण गावात गुप्तधनाची कुजबुज सुरू झाली की पहिली धास्ती पोलिसांची आणि पहिली वाट सराफाची. गंगाखेडपासून पाथरीपर्यंतच्या काळ्या रानात नांगराला जे लागले, त्यातले किती त्या वाटेने गेले असेल, याचा हिशोब कोणत्याही वहीत नाही.

मी कोणाला दोष देत नाही. आमच्या घरीच ते झाले आहे. आत्याचे लग्न थांबवून चारमिनार जपावा, असे आजीला वाटायचे काही कारण नव्हते, आणि आजही मला ते म्हणवत नाही. उषवदाताच्या काळातल्या सोनारालाही लिव्हियाच्या मस्तकावर हातोडा घालताना काही वाटले नसणार. छाप राजाचा, चांदी लक्ष्मीची. चांदी फिरती राहिली म्हणून तर पैठणचे खडे आणि तेरचे कापड समुद्रापार गेले.

तरी यंदा तबक मांडताना तो एक हाली रुपया चिंचेने घासायचा नाही, असे ठरवले आहे. घासून घासून कमानीतले ‘ऐन’ पुसट होत चालले आहे. नुसत्या पाण्याने धुऊन, मऊ कापडाने टिपून तो लक्ष्मीच्या नव्या नाण्याशेजारी ठेवायचा. आणि नातवंडाने विचारले, की यावर लक्ष्मी कोठे आहे, तर आजीचे उत्तर त्याला द्यायचे. मात्र त्याबरोबर छाप कोणाचा, हेही त्याला वाचून दाखवायचे.